बैठका आणि उठाबशा : स्नायूंचा पाठ शिकवताना



आज मानवी स्नायुसंस्थेबद्दल लिहायचं आहे. पण व्याख्येपासून सुरुवात करत नाही. आधी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते, कारण हा पाठ मला खऱ्या अर्थाने समजला तो त्या चुकीमुळेच.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीतल्या एका मुलाने सलग तिसऱ्या दिवशी गृहपाठ केला नव्हता. वर्गात गोंधळ, पोर्शन मागे पडलेला, आणि त्यात हा हसत उभा. मी चिडले आणि म्हणाले, "कान धर आणि शंभर उठाबशा काढ." त्याने काढल्या. साठ-सत्तरनंतर त्याचे पाय थरथरायला लागले, चेहरा लालबुंद झाला. बाकीची मुलं हसत होती. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिले. शंभर झाल्यावर तो जागेवर जाऊन बसला आणि माझ्या दृष्टीने विषय संपला.

तिसऱ्या दिवशी त्याचे आजोबा शाळेत आले. तरुणपणी तालमीत अंग कमावलेला माणूस. आवाज अजिबात चढवला नाही. एवढंच म्हणाले, "बाई, पोरगं जिना उतरंना झालंय. किती बैठका मारायला लावल्या?"

मी खालच्या आवाजात म्हणाले, "शंभर."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या वस्तादांनी पहिल्या दिवशी वीस मारायला लावल्या होत्या. शंभरावर जायला आम्हाला महिने लागले. आणि वस्तादांनी कान धरायला कधी नाही लावलं."

त्या दिवशी माझ्या टेबलावर विज्ञानाचं पुस्तक होतं आणि पुढच्याच आठवड्यात स्नायूंचा पाठ शिकवायचा होता. मला स्वतःचीच लाज वाटली. 'ऐच्छिक स्नायू म्हणजे आपल्या इच्छेनुसार काम करणारे स्नायू' ही व्याख्या मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होते, आणि त्या मुलाच्या स्नायूंना माझ्या इच्छेनुसार काम करायला लावत होते.

एकच हालचाल, दोन शब्द

आजोबांचं बोलणं मनात घोळत राहिलं. ते 'बैठका' म्हणत होते, मी 'उठाबशा' म्हणत होते. हालचाल एकच. गुडघ्यात वाकून खाली बसायचं आणि पुन्हा उभं राहायचं. तालमीत तीच हालचाल मानाची असते. दंड-बैठका हा आपल्या मातीतला जुना व्यायाम आहे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच तालमीच्या परंपरेतून आले. आपल्याकडच्या तालमींत आजही पोरं अभिमानाने सांगतात, "आज इतक्या बैठका मारल्या."

शाळेत मात्र तीच हालचाल अपमानाची होते. कान धरायचे, सगळ्या वर्गासमोर उभं राहायचं, आणि कोणीतरी मोजायचं. मुलाच्या मनात काय ठसतं? शरीराला कष्ट देणं ही शिक्षा आहे. व्यायाम म्हणजे चुकणाऱ्याला भोगावी लागणारी गोष्ट. मैदानाला फेऱ्या मारणं, अंगठे धरून उभं राहणं, बाकावर उभं करणं, या सगळ्याचा धडा हाच. आणि मग मोठेपणी हीच मुलं व्यायामाचा कंटाळा करतात म्हणून आपणच त्यांना नावं ठेवतो.

माझं म्हणणं सरळ आहे. स्नायूंचा पाठ शिकवणाऱ्या शाळेने स्नायूंना शिक्षेचं साधन करू नये, आणि ज्या तासाला हे स्नायू खरोखर काम करतात तो तास दुसऱ्या विषयाला देऊ नये. हे भावनेपोटी म्हणत नाही. स्नायू काम कसं करतात हे समजून घेतलं की ते आपोआप पटतं. म्हणून आता एका बैठकीत काय काय घडतं ते पाहू.

स्नायू फक्त ओढतो

मुलांना एक प्रश्न विचारा. "स्नायू हाडाला ओढतो की ढकलतो?" बहुतेक मुलं "दोन्ही" म्हणतील. बरोबर उत्तर आहे, फक्त ओढतो. स्नायू आखडतो, आखूड होतो आणि स्नायुरज्जूच्या टोकाने हाडाला आपल्याकडे ओढून घेतो. बैल गाडी ओढतो तसा. ढकलणं त्याला येतच नाही.

मग एखादा हुशार विद्यार्थी विचारतो, "बाई, मग आपण दार कसं ढकलतो?" हा प्रश्न आला की समजा पाठ सुरू झाला. प्रत्येकाला उजवा तळहात बाकाच्या खाली लावून बाक वर उचलल्यासारखा जोर द्यायला सांगा, आणि डाव्या हाताने उजवा दंड चाचपायला सांगा. दंडाचा पुढचा भाग कडक लागेल. तो द्विशिरस्क स्नायू, म्हणजे बायसेप्स. आता तोच तळहात बाकावर ठेवून खाली दाबायला सांगा. पुढचा भाग सैल पडतो आणि दंडाची मागची बाजू कडक होते. तो त्रिशिरस्क, म्हणजे ट्रायसेप्स. दार ढकलतानाही हा मागचा स्नायू कोपराच्या हाडाला ओढतो, त्यामुळे हात सरळ होतो आणि दार ढकललं जातं. ढकलतो तो हात, स्नायू ओढतच असतो. म्हणूनच स्नायू जोडीने असतात. एकाने वाकवायचं, दुसऱ्याने सरळ करायचं.

दोन मिनिटांचा हा प्रयोग आहे. साहित्य काही नाही. पण अर्ध्या तासाच्या व्याख्यानापेक्षा तो जास्त लक्षात राहतो, असा माझा अनुभव आहे.

आता बैठक. उभं राहून दोन्ही हात मांडीवर ठेवा आणि हळूहळू खाली बसा. मांडीचा पुढचा भाग कडक होत जातो. हा चार शिरांचा मोठा स्नायू आहे. त्याची दोरी गुडघ्याच्या वाटीवरून जाऊन नडगीच्या हाडाला जोडलेली असते. गंमत अशी की खाली बसताना हा स्नायू आखूड होत नसतो, लांब होत असतो. लांब होता होताच तो ओढ कायम ठेवतो, नाहीतर आपण धपकन खाली पडलो असतो. विहिरीत पोहरा सोडताना आपण दोर एकदम सोडून देत नाही, हाताने धरून सरकवत सोडतो, तसंच हे. उठताना मात्र तोच स्नायू आखडतो आणि शरीर वर उचलतो. त्याच्या मदतीला नितंबाचा स्नायू असतो, जो आपल्या शरीरातला सर्वात मोठा स्नायू आहे. पोटऱ्या आणि पाठीचे स्नायू तोल सांभाळतात. तालमीत बैठक मारताना हात पुढे-मागे झुलतात, त्याने तोल राहतो. कान धरले की ती सोयही जाते.

बेडकुळीच्या आत काय असतं?

लहान मुलाला आपण म्हणतो, "बेडकुळी काढून दाखव बरं!" तो मूठ आवळून दंड फुगवतो. हा शब्द मला फार आवडतो. इंग्रजीतला 'मसल' हा शब्द लॅटिनमधल्या 'छोटा उंदीर' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. त्यांना कातडीखाली उंदीर हलल्यासारखा वाटला, आपल्याला बेडूक. आणि योगायोग असा की स्नायू विजेच्या इशाऱ्याने हलतात या अभ्यासाची सुरुवातही बेडकापासूनच झाली. इटलीतल्या बोलोन्या शहरात लुईजी गॅल्वानी यांनी मेलेल्या बेडकाचे पाय धातूच्या आणि विजेच्या स्पर्शाने झटका देतात हे पाहिलं आणि १७९१ साली ते प्रसिद्ध केलं.

बेडकुळीच्या आत पाहिलं तर स्नायू म्हणजे जुड्यांच्या आत जुड्या. स्नायूत तंतूंच्या जुड्या, प्रत्येक तंतू म्हणजे एक लांबोडकी पेशी, आणि त्या पेशीत आणखी बारीक धागे. या धाग्यांवर एकामागून एक छोटे छोटे कप्पे असतात. एक मिलिमीटर लांबीत असे सुमारे ४०० कप्पे मावतात. प्रत्येक कप्प्यात दोन प्रकारचे तंतू असतात, पातळ ॲक्टिनचे आणि जाड मायोसिनचे. मेंदूकडून निघालेला इशारा चेतातंतूतून स्नायूपर्यंत येतो, पेशीत साठवलेलं कॅल्शियम मोकळं होतं, आणि मायोसिनची इवलीशी डोकी ॲक्टिनला धरून ओढायला लागतात. धरायचं, ओढायचं, सोडायचं, पुढे पुन्हा धरायचं. रस्सीखेचीत आपण हातावर हात घेत दोर ओढतो ना, तसंच. तंतू स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. १९५४ साली दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी हा सरकण्याचा सिद्धांत मांडला. दोन्ही गटांत हक्सली आडनावाचा एकेक शास्त्रज्ञ होता, पण ते एकमेकांचे नातेवाईक नव्हते.

इथे एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. मायोसिनच्या डोक्याला दोर ओढायला ऊर्जा लागते हे कोणालाही पटतं. पण दोर सोडायलासुद्धा ऊर्जा लागते. एटीपी नावाचं इंधन येऊन चिकटलं की मगच ती पकड सुटते. मृत्यूनंतर शरीर ताठ होतं त्याचं कारण हेच. इंधन संपतं, पकड सुटत नाही. म्हणजे सैल होणं, विसावणं हेही जिवंत स्नायूचं काम आहे. विश्रांती म्हणजे काही न करणं असं आपण समजतो, पण शरीराला त्यासाठीही खर्च करावा लागतो.

'अंग आंबलं' आणि तिसऱ्या दिवसाचं दुखणं

त्या मुलाची मी नंतर वर्गासमोर माफी मागितली. शिक्षा वर्गासमोर केली होती, म्हणून माफीही वर्गासमोरच. त्यानंतर स्नायूंचा पाठ त्याच्या मांड्यांपासूनच सुरू केला. तेव्हा त्यानेच विचारलं, "बाई, जिना चढताना एवढं दुखत नव्हतं, उतरतानाच जास्त का दुखत होतं? आणि त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी का?"

गृहपाठ न करणाऱ्या मुलाने विचारलेला हा प्रश्न माझ्या त्या वर्षातला सर्वात चांगला प्रश्न होता.

आपण मराठीत 'अंग आंबलं' म्हणतो. आंबणं म्हणजे आंबट होणं. त्यामुळे 'स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं म्हणून दुसऱ्या दिवशी अंग दुखतं' हे उत्तर आपल्याला पटकन पटतं. मीही वर्षानुवर्षं तेच शिकवलं. ते बरोबर नाही. जोराच्या श्रमात प्राणवायूचा पुरवठा कमी पडला की लॅक्टिक आम्ल तयार होतं हे खरं, पण विश्रांती मिळाल्यावर साधारण तासाभरात ते निघून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं वेगळं असतं. सवय नसलेल्या श्रमाने, विशेषतः स्नायू लांब होता होता ओढ धरून ठेवतो तेव्हा, त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. शरीर ती दुरुस्त करायला घेतं, तिथे सूज येते आणि दुखतं. बैठकीत खाली बसताना मांडीचा स्नायू नेमकं हेच काम करतो, आणि जिना उतरतानाही. म्हणून उतरताना जास्त दुखतं. सहलीला गडावर गेलात तर आठवून पाहा. चढताना धाप लागते, पण मांड्या भरून येतात त्या उतरण्याने.

थोड्या इजेने घाबरायचं कारण नाही. दुरुस्ती होते, स्नायू आधीपेक्षा तयार होतो, म्हणूनच वस्ताद पहिल्या दिवशी वीसच मारायला लावतात. पण सवय नसताना अतिरेक झाला तर प्रकरण गंभीर होऊ शकतं. स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटतात, त्यांतला मायोग्लोबिन नावाचा घटक रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. लघवी काळ्या चहासारखी गडद होते. असं दिसलं तर मुलाला ताबडतोब दवाखान्यात न्यायला हवं. अतिरेकी उठाबशांनंतर असं घडू शकतं हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे, पण शाळांमध्ये फारसं कोणाला माहीत नसतं. मलाही नव्हतं. माझ्या विद्यार्थ्याचं मांड्या दुखण्यावर निभावलं, हे माझं नशीब.

कायद्याचंही सांगायला हवं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हीला मनाई आहे. छडी मारली तरच शारीरिक शिक्षा, असा आपला समज आहे. मुलाच्या शरीराला मुद्दाम त्रास होईल असं काहीही त्यात येतं.

न विचारता काम करणारे स्नायू

स्नायूंचे तीन प्रकार आपण शिकवतो. हाडांना जोडलेले अस्थिस्नायू, आतड्यांसारख्या आतल्या अवयवांचे मृदू स्नायू आणि हृदयाचे स्नायू. पहिले आपल्या इच्छेने चालतात, बाकीचे दोन आपल्याला न विचारता. मुलं हे तक्त्यात लिहून पाठ करतात. पण आपल्या भाषेत हा सगळा तक्ता आधीच आहे. 'अंगावर काटा आला' म्हणजे काय? प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीकसा मृदू स्नायू असतो, तो आखडतो आणि केस उभा राहतो. 'पोटात कावळे ओरडतात' म्हणजे जठर आणि आतड्यांचे स्नायू लाटांसारखे आखडत असतात आणि आतली हवा-पाणी गुरगुरते. 'काळीज धडधडतं' ते हृदयाच्या स्नायूमुळे. मिनिटाला ७२ ठोके धरले तरी दिवसाला १ लाखाच्या वर होतात, आणि दोन ठोक्यांमधली उसंत हीच त्याची विश्रांती. 'हुडहुडी भरली' म्हणजे ऊब तयार करायला अस्थिस्नायू आपल्याला न विचारता थरथरतात. उचकी लागते ती छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल अचानक आखडल्यामुळे. कोणी आठवण काढली म्हणून नव्हे, पण हे सांगताना मुलं हसतात, त्यांना हसू द्यावं.

मुलांना अशी वाक्यं गोळा करायला सांगा आणि प्रत्येकासमोर कोणत्या स्नायूचं काम ते लिहायला सांगा. श्वासपटल आणि हुडहुडी कुठे बसवायची यावर वर्गात वाद होईल. होऊ द्या. अस्थिस्नायूसुद्धा काही वेळा इच्छेविना काम करतात, हे तक्त्यात नीट बसत नाही आणि म्हणूनच ते शिकण्यासारखं आहे.

आता पुन्हा त्या वर्गसमोर कान धरलेल्या मुलाकडे पाहा. त्याच्या मांड्या माझ्या हुकुमावर चालल्या होत्या. पण त्याच वेळी त्याचं काळीज धडधडत होतं, पोटात गोळा आला होता, अंगावर काटा आला असेल. स्नायूंचे तिन्ही प्रकार त्या एका मुलात काम करत होते. मला फक्त उठाबशा मोजता आल्या. बाकीचं कोणी मोजलं नाही.

"आम्हीही काढल्या, काय बिघडलं?"

हा प्रश्न पालकही विचारतात आणि सहकारीही. उत्तर असं की आपल्यापैकी बहुतेकांचं काही बिघडलं नाही, हे खरं. पण आपण शाळेत चालत जायचो, संध्याकाळी दिवे लागेपर्यंत लंगडी, खो-खो, सूरपारंब्या खेळायचो. आपल्या मांड्या तयार होत्या. आजची बरीच मुलं व्हॅनमधून येतात, शाळा सुटली की क्लासला जातात आणि रात्री मोबाइलपुढे बसतात. त्यांना एकदम पन्नास उठाबशा म्हणजे तयारी न करता लावलेली शर्यत.

दुसरं, मोबाइलवर फिरणारे मेसेज. कान धरून उठाबशा काढल्या की बुद्धी तल्लख होते, असं त्यात असतं. कोणी आपल्या आवडीने दहा बैठका मारत असेल तर उत्तमच, त्याला व्यायाम होईल. पण कानाच्या पाळ्या दाबल्याने बुद्धी वाढते, याला भक्कम पुरावा नाही. आणि असला तरी त्यामुळे शिक्षा ही शिक्षण होत नाही.

"मग शिस्त कशी लावायची?" हा प्रश्न मात्र खरा आहे. माझ्याकडे जादूचं उत्तर नाही. तो मुलगा गृहपाठ का करत नव्हता हे मी नंतर विचारलं. घरी संध्याकाळी दुकानात बसावं लागायचं, वही उघडायला रात्र व्हायची. शाळेतच शेवटच्या तासाला दहा मिनिटं दिली आणि बराचसा प्रश्न सुटला. सगळ्यांचं असं सुटेलच असं नाही. पण मी विचारलं असतं तर शंभर उठाबशांइतकाही वेळ लागला नसता.

काढून घेतलेला तास

आता दुसरा मुद्दा, आणि इथेही मी दोषी आहे. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास असतो. परीक्षा जवळ आली की तो गणिताला, विज्ञानाला, इंग्रजीला जातो. मीही कितीदा तो मागून घेतला आहे. मुलं "पीटी, पीटी" म्हणून कुरकुरायची आणि मी "हाताची घडी, तोंडावर बोट" म्हणून त्यांना बसवायचे. स्नायूंच्या पाठाचे प्रश्न-उत्तर लिहून घेण्यासाठी मैदानाचा तास घेतला, असंही माझ्याकडून घडलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेलं प्रमाण असं. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडं मजबूत करणारे व्यायाम त्यात असावेत. आपल्या मुलांना यातली किती मिनिटं मिळतात, हे प्रत्येक पालकाने आजच्या दिवसापुरतं मोजून पाहावं.

स्नायू वापरला नाही तर तो जागेवर राहत नाही, कमी होतो. हात मोडून काही आठवडे प्लास्टरमध्ये राहिला की तो बारीक झालेला दिसतो, हे आपण पाहिलेलं असतं. अंतराळ स्थानकात वजनच जाणवत नाही, तेव्हा तिथल्या अंतराळवीरांना स्नायू टिकवण्यासाठी रोज सुमारे २ तास व्यायाम करावा लागतो. आपण मुलांना जमिनीवरच ठेवून दिवसभर बसवतो, आणि ती चुळबुळ करतात म्हणून रागावतो. खरं तर स्वस्थ बसणं हेही स्नायूंचंच काम आहे. पाठ आणि मान सावरणारे स्नायू सतत आखडलेले असतात, ते थकतात आणि मुलगा जागा बदलतो. ती चुळबुळ म्हणजे उद्धटपणा नाही.

मुलींबद्दल वेगळं सांगते. आठवीनंतर बऱ्याच मुली मैदानाच्या कडेला बसून राहतात. कोणी थांबवत नाही, पण कोणी बोलावतही नाही. स्नायू हे काही मुलग्यांचंच अवयव नाहीत. बेडकुळी काढून दाखव, हे आपण मुलीला किती वेळा म्हणतो?

आणि "व्यायामाने उंची खुंटते" ही घराघरातली भीती. वयाला झेपेल असा, नीट शिकवलेला ताकदीचा व्यायाम उंची खुंटवत नाही. लहान वयात व्यायामाने ताकद वाढते ती मुख्यतः स्नायू फुगून नव्हे, तर मेंदू आणि चेतातंतू जास्त स्नायुतंतूंना एकाच वेळी कामाला लावायला शिकतात म्हणून. म्हणजे तेही एक शिकणंच आहे.

आपण काय करू शकतो?

शिक्षकांसाठी माझ्या वर्गात चाललेल्या काही गोष्टी.

१. स्नायूंचा पाठ मैदानात किंवा व्हरांड्यात शिकवा. दार ढकलणं, बाक उचलणं, एका पायावर उभं राहणं, उड्या मारणं, एवढ्यावर निम्मा पाठ होतो.

२. मुलांना एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट ते कोपर धरून बोटं हलवायला सांगा. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू बोटांत नाहीत, कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात आहेत, हे त्यांना स्वतःला कळतं. मग खराब अक्षरासाठी वहीवर शेरा मारण्याआधी आपणही विचार करतो.

३. दोन तासांच्या मध्ये दोन मिनिटं उभं राहून आळस द्यायला, खांदे फिरवायला सांगा. वेळ वाया जात नाही, पुढच्या तासाला लक्ष लागतं.

४. शारीरिक शिक्षणाचा तास मागू नका आणि कोणी मागितला तर देऊ नका. मी आमच्या शिक्षक खोलीत हे जाहीर सांगून टाकलं आहे.

पालकांसाठीही थोडं. लहान मुलाच्या हाताला कणीक मळू द्या, मटार सोलू द्या, पाण्याची कळशी झेपेल तेवढी उचलू द्या. अक्षर सुधारण्याआधी हात सुधारतो. संध्याकाळचा एक तास क्लासपासून वाचवा. आणि शाळेत उठाबशांची शिक्षा होत असेल तर भांडायला नको, पण त्या आजोबांसारखं शांतपणे येऊन विचारा. माझ्यासारख्या शिक्षकाला तेवढं पुरतं.

तो मुलगा पुढे शाळेच्या कबड्डी संघात आला. त्यामागे माझं काहीच श्रेय नाही, आजोबांनी त्याला तालमीत घातलं. एकदा मधल्या सुट्टीत मला म्हणाला, "बाई, आता मी शंभर मारतो." मी विचारलं, "काय मारतोस, उठाबशा?" तो म्हणाला, "नाही बाई, बैठका."